साखरेवर चांदी चढवताना

धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी मी प्राणिशास्त्र शिकवलं. मेंढ्या, शेळ्या आणि म्हशींच्या काळजात व फुफ्फुसात सापडणाऱ्या पाण्याच्या गाठींवर, म्हणजे हायडॅटिड सिस्टवर, माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ही गाठ एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या अळीची. मोठा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. त्याची अंडी गवतापाण्यातून जनावराच्या पोटात गेली की तिथून काळजात किंवा फुफ्फुसात गाठ तयार होते. माणसालाही हा आजार होतो. साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांचे कळप, त्यांच्याबरोबर चालणारी कुत्री आणि वाटेत कापली जाणारी मेंढी हे सगळं आपल्याकडे इतकं जवळजवळ आहे, की या गाठीचा अभ्यास खान्देशात व्हायलाच हवा असं मला कायम वाटत आलं.

या गाठीच्या भिंतीचा मुख्य ऐवज साखरेचा आहे. ती साखर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कशी दाखवायची, याबद्दल हाताने काम करताना जे कळलं ते इथे लिहितो आहे. नव्याने हे काम हाती घेणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

१. इलेक्ट्रॉनला साखर दिसत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

इलेक्ट्रॉन विखुरतात ते जड अणूंवरून. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात, तिघेही हलके. नेहमीच्या तयारीत आपण ऑस्मियम वापरतो, ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांना धरतं. युरेनिल ॲसिटेट न्यूक्लिक आम्लांना आणि प्रथिनांना धरतं. शिसं ग्लायकोजनला थोडंफार गडद करतं, पण तेवढ्यावर ‘ही साखरच आहे’ असं म्हणता येत नाही. म्हणून नेहमीच्या छायाचित्रात हायडॅटिडची जाड भिंत फिकट, जवळजवळ रिकामी दिसते. जिथे सर्वांत जास्त द्रव्य आहे तीच जागा मोकळी वाटते. तिथे जड धातू मुद्दाम नेऊन बसवावा लागतो, आणि तो फक्त साखरेवरच बसेल अशी रासायनिक व्यवस्था करावी लागते. पुढचं सगळं काम म्हणजे ही व्यवस्था.

२. निम्मं काम कत्तलखान्यातच ठरतं.

गाठ जनावराच्या शरीरातून बाहेर काढली तरी आतला जीव काही काळ जिवंत असतो आणि साठवलेलं ग्लायकोजन खर्च करत राहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. अशा दिवसांत गाठ पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणेपर्यंत आतल्या थराची पार रया जाते. स्थिरीकरणाचा द्राव, म्हणजे बफरमधलं अडीच टक्के ग्लुटाराल्डिहाइड, बर्फाच्या डब्यातून तिथेच घेऊन जावं. कापण्याचं काम तिथल्या ओट्यावर करावं, आणि पहाटे करावं. कसाई लोक मदत करतात. आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांना नीट सांगितलं, की तेच पुढच्या वेळी गाठ न फोडता बाजूला ठेवतात.

गाठीची रचना हातात घेतल्यावरच समजते. सर्वांत बाहेर जनावराच्या शरीराने बनवलेलं तंतुमय वेष्टन. त्याच्या आत परजीवीचा स्वतःचा पांढरा, थरांचा, पेशीविरहित पडदा, जो मोठ्या गाठीत दोन-तीन मिलिमीटर जाड होतो. त्याच्याही आत पेशींचा अतिशय पातळ जननथर. या जननथरापासूनच नव्या कृमींची डोकी तयार होतात. पांढरा पडदा कापला की लगेच वळतो आणि आतली बाजू बाहेर येते. मग कुठली बाजू कुठली हेच कळेनासं होतं. म्हणून तुकडा कापण्याआधी त्याला मेणाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून धरावं, वरून थंड द्राव सोडावा आणि थोडा घट्ट झाल्यावरच मिलिमीटरभराचे तुकडे करावेत.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती शिकवताना बहुधा राहून जाते. ग्लुटाराल्डिहाइड प्रथिनांना जखडतं, साखरेला नाही. साखर जागेवर राहते ती प्रथिनाला चिकटलेली असेल तर, किंवा प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेली असेल तर. या पांढऱ्या पडद्यातली साखर म्युसिन जातीच्या प्रथिनांना जोडलेली आहे, त्यामुळे ती टिकते. जननथरातलं ग्लायकोजन मात्र सहज धुऊन निघतं. पूर्ण तुकडा पाण्यातल्या युरेनिल ॲसिटेटमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी सवयीने चालते. त्या आम्लधर्मी द्रावात ग्लायकोजन निघून जातं. साखर बघायची असेल तर ती पायरी वगळावी.

३. पडद्याला राळ पाजायला घाई करू नये.

पांढरा पडदा घट्ट जेलीसारखा असतो. अल्कोहोल आणि राळ त्यात हळूहळू शिरतात. वेळ दुप्पट-तिप्पट द्यावा. जुनी, चुना धरलेली गाठ घेऊच नये, ती सुरीची धार घालवते. कृमीच्या डोक्यांमध्येही चुन्याचे बारीक कण असतातच.

४. मुंबईला ठोकळे पाठवण्याआधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं बघून घ्या.

या मुद्द्यावर मी आग्रही आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी आपल्याला पवईच्या आयआयटीकडे, खारघरच्या ॲक्ट्रेककडे किंवा आणखी लांब जावं लागतं. तिथला वेळ मोलाचा असतो. पण साखरेचा पहिला आणि सर्वांत भरवशाचा पुरावा जळगावातल्या कुठल्याही महाविद्यालयात मिळू शकतो. पिरिऑडिक आम्ल आणि शिफचं अभिकर्मक, म्हणजे पीएएस. मॅकमॅनस यांनी १९४६ मध्ये म्युसिन दाखवण्यासाठी ही पद्धत वापरली आणि आजही प्रत्येक विकृतिशास्त्र विभागात ती रोज वापरली जाते.

तिचं रसायन एकदा समजलं की पुढचं सगळं समजतं. साखरेच्या कड्यात शेजारशेजारच्या दोन कार्बनवर मोकळे हायड्रॉक्सिल असतील, तर पिरिऑडिक आम्ल त्यांच्यामधला बंध तोडतं आणि दोन अल्डिहाइड तयार होतात. शिफचं अभिकर्मक त्या अल्डिहाइडला धरतं आणि किरमिजी रंग उमटतो. हायडॅटिडचा पांढरा पडदा पीएएसने असा भडक रंगतो की एकदा पाहिला की विसरत नाही. थरावर थर स्पष्ट उमटतात. शस्त्रक्रियेतून आलेल्या तुकड्यात कृमीचे आकडे किंवा डोकी सापडली नाहीत, नुसता पडद्याचा कपटा असला, तरी या रंगामुळे निदान होतं. धुळ्या-जळगावच्या रुग्णालयांच्या दृष्टीने आपल्या या साऱ्या अभ्यासात सर्वांत जास्त उपयोगाची गोष्ट हीच असेल.

राळेतल्या ठोकळ्याचे एक मायक्रॉन जाडीचे छेद घेऊन एक टोल्युइडिन ब्लूने आणि एक पीएएसने रंगवा. पडदा कुठे, जननथर कुठे, ग्लायकोजनचे पुंजके कुठे, याचा कागदावर नकाशा काढा. तो नकाशा घेऊनच मुंबईची गाडी पकडा.

५. चांदीचं काम सावकाश आणि अंधारात.

फ्रान्सच्या थिएरी यांनी १९६७ मध्ये हीच पीएएसची युक्ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वापरली. पिरिऑडिक आम्लाने अल्डिहाइड तयार करायचे. मग शिफऐवजी थायोकार्बोहायड्राझाइड लावायचं. त्याचं एक टोक अल्डिहाइडला धरतं आणि दुसरं मोकळं राहतं. त्या मोकळ्या टोकावर सिल्व्हर प्रोटिनेटमधली चांदी बसते. चांदी जड आहे, म्हणून जिथे साखर तिथे बारीक काळे कण.

पद्धत कागदावर सोपी दिसते: एक टक्का पिरिऑडिक आम्लात वीस ते तीस मिनिटं, धुणं, वीस टक्के ॲसेटिक आम्लातलं ०.२ टक्के थायोकार्बोहायड्राझाइड, मग उतरत्या प्रमाणातल्या ॲसेटिक आम्लाने धुणं, पाण्याने धुणं, शेवटी अंधारात एक टक्का सिल्व्हर प्रोटिनेट अर्धा तास आणि पुन्हा धुणं. पण प्रत्येक पायरीला कारण आहे. छेद तांब्याच्या जाळीवर घेऊ नयेत. ही रसायनं तांब्यावर क्रिया करतात आणि सगळं चित्र गढूळ होतं. सोन्याच्या जाळ्या महाग असतात, पण त्या पुन्हा वापरता येतात. धुणं घाईने उरकलं तर थायोकार्बोहायड्राझाइड छेदावर राहतं आणि चांदी वाटेल तिथे बसते. ॲसेटिक आम्लाने उतरत्या प्रमाणात धुणं त्यासाठीच असतं.

थायोकार्बोहायड्राझाइडचा वेळ हा या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. ग्लायकोजनसाठी अर्धा-पाऊण तास पुरतो. प्रथिनांना जोडलेल्या साखरेसाठी चोवीस तास, कधी त्याहून जास्त लागतात. अर्ध्या तासाचा छेद पाहून ‘पडद्यात साखर कमी, जननथरात जास्त’ असा निष्कर्ष काढला, तर तो साखरेबद्दल नसून घड्याळाबद्दल असतो. दोन्ही वेळांचे छेद शेजारी ठेवा, मगच बोला. आणि नंतर वरून युरेनिल किंवा शिसं देऊ नका, नाहीतर चांदी ओळखणं कठीण होतं.

६. जो छेद रंगायला नको तो आधी तयार करा.

विद्यार्थ्यांना सुंदर काळं छायाचित्र मिळालं की आनंद होतो, तो स्वाभाविक आहे. पण शेजारच्या जाळीवर पिरिऑडिक आम्ल न देता बाकी सगळ्या पायऱ्या केलेला छेद असलाच पाहिजे. तिथेही काळे कण दिसले तर चांदी साखरेवर बसलेली नाही. ती बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइडच्या उरलेल्या मोकळ्या अल्डिहाइडवर बसलेली असते, किंवा ऑस्मियमवर. ऑस्मियम आणि थायोकार्बोहायड्राझाइडची चांगली जमते, म्हणून ऑस्मियम दिलेल्या ऊतीत चरबीचे थेंबही काळे होतात. पहिल्यावर सोडियम बोरोहायड्राइडचा उपाय आहे. दुसऱ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑस्मियम काढून टाकण्याचा, किंवा काही तुकडे मुळात ऑस्मियमशिवायच तयार करण्याचा.

दुसरं नियंत्रण अमायलेजचं. ग्लायकोजन असेल तर अमायलेज दिल्यावर ते नाहीसं व्हायला हवं. स्वतःची गाळलेली लाळ वापरायची जुनी रीत आजही चालते. जननथरातला रंग लाळेने जातो, पांढऱ्या पडद्यातला जात नाही. कारण पहिल्यात ग्लायकोजन आहे, दुसऱ्यात म्युसिन. एवढ्या साध्या प्रयोगाने दोन प्रकारच्या साखरा वेगळ्या होतात. मात्र हा प्रयोग मेणाच्या छेदावर करावा. इपॉक्सी राळेत विकर आत शिरायला कचरतं, आणि मग रंग गेला नाही म्हणून ‘ग्लायकोजन नाही’ असा उलटाच अर्थ लागतो.

७. प्रत्येक काळा ठिपका चांदीचा नसतो.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोससच्या पांढऱ्या पडद्यात, काहीही न रंगवता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके दिसतात. अनेक वर्षं त्यांचं कोडं होतं. उरुग्वेतल्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास दाखवलं की ते कॅल्शियम आणि इनोसिटॉल हेक्साकिसफॉस्फेट यांचे कण आहेत. हे संयुग आपल्याला फायटेट म्हणून माहीत आहे. ज्वारी-बाजरीच्या कोंड्यात असतं तेच. कृमीने ते आपल्या भिंतीत का साठवावं, हा प्रश्न मला अजूनही भारावून टाकतो. त्याचाच सख्खा भाऊ एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस, त्याच्या भिंतीत हे कण नाहीत.

कामापुरता धडा असा: काहीही न रंगवलेला एक छेद कायम जवळ ठेवा. हे कण काही दशक नॅनोमीटरचे, वेगवेगळे आणि ठळक असतात. चांदीचे कण त्याहून बारीक असतात आणि साखरेच्या जाळ्याच्या रेषेवर पसरतात. शंका असेल तर ईडीटीए देऊन कॅल्शियम काढून घ्या. ठिपके गेले आणि चांदीची जाळी राहिली, तर खात्री झाली.

८. काळं झालं नाही म्हणून साखर नाही, असं समजू नका.

मला सांगायचं असलेलं सर्वांत महत्त्वाचं हे. चौथ्या मुद्द्यातलं रसायन आठवा: शेजारशेजारचे दोन मोकळे हायड्रॉक्सिल हवेत. सगळ्याच साखरांत ते नसतात. जिआर्डियाच्या पुटीची भिंत घ्या, जिच्यामुळे पावसाळ्यात घरोघरी मुलांची पोटं बिघडतात. ती गॅलॅक्टोसअमाइनच्या लांबच लांब साखळीची बनलेली आहे आणि तिच्यातली जोडणी एक-तीन अशी आहे. तिसरा कार्बन जोडणीत अडकला आणि दुसऱ्यावर ॲसिटिल-अमाइन बसला, की शेजारची मोकळी जोडी उरतच नाही. पिरिऑडिक आम्लाला तोडायला काही मिळत नाही. एन्टअमीबाच्या पुटीत कायटिन आहे. तिथेही तीच अडचण, कारण एक-चार जोडणी आणि दुसऱ्या कार्बनवर ॲसिटिल-अमाइन. निव्वळ साखरेची भिंत असूनही चांदी बसत नाही.

म्हशीच्या अन्ननलिकेत तांदळाच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या सार्कोसिस्टिसच्या पुट्या पाहिल्या, तर वेगळाच प्रकार. आतल्या प्रत्येक पेशीत अमायलोपेक्टिनचे कण ठासून भरलेले असतात आणि ते पीएएसने छान रंगतात. पेशी पुढच्या यजमानाच्या पोटात जाईपर्यंत जगायला हवी, त्यासाठीची ही शिदोरी. म्हणजे चारही परजीवींच्या ‘पुटी’ म्हणवणाऱ्या गोष्टींत चार वेगवेगळ्या साखरा आहेत, आणि एकच रंग वापरून चारांची तुलना करणारा तक्ता अभ्यासकालाच फसवतो. ज्या परजीवीवर काम करायचं त्याच्या साखरेची जोडणी कशी आहे हे आधी कागदावर मांडा, मग पद्धत निवडा.

९. चांदी जिथे थांबते तिथे कुळीथ आणि शेंगदाणा कामाला येतात.

काही बियांमध्ये अशी प्रथिनं असतात, जी ठरावीक साखरच ओळखून तिला चिकटतात. त्यांना लेक्टिन म्हणतात. कुळथातलं लेक्टिन टोकाच्या एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइनला ओळखतं. भारतात सैन्यदलाच्या रक्तसंक्रमण सेवेत असलेल्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं, की कुळथाचा अर्क माणसाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, आणि त्या विशिष्ट गटाच्याच. तेव्हापासून रक्तपेढ्यांमध्ये ए गटाचे दोन उपप्रकार वेगळे करायला कुळीथ वापरला जातो. पुढे १९६४ मध्ये शेंगदाण्यातल्या लेक्टिनचा गुणही बर्ड यांनीच दाखवला. गॅलॅक्टोस आणि एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन यांच्या एका ठरावीक जोडीला शेंगदाणा ओळखतो.

धुळ्याच्या शिवारात उगवणाऱ्या या दोन दाण्यांचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. टॉक्सोप्लाझ्माच्या पुटीची भिंत ओळखायला जगभर कुळथाचं लेक्टिन वापरतात. आणि हायडॅटिडच्या पांढऱ्या पडद्यातल्या म्युसिनवरच्या साखळ्यांचा पाया म्हणजे नेमकी शेंगदाण्याला ओळखता येणारी जोडी. अर्थात पायावर पुढे गॅलॅक्टोस चढत गेली की पाया झाकला जातो, म्हणून शेंगदाणा फक्त आखूड राहिलेल्या साखळ्या दाखवतो. हीही माहितीच आहे. पडद्याच्या कुठल्या थरात साखळ्या आखूड राहिल्या, ते त्यातून कळतं.

लेक्टिनला सोन्याचे कण जोडून छेदावर सोडतात. सोनं जड आणि गोल, त्यामुळे ओळखायला सोपं. इथे ऑस्मियम देऊ नये आणि इपॉक्सीऐवजी एलआर व्हाइट राळ वापरावी. नियंत्रण म्हणून लेक्टिनमध्ये आधीच त्याची आवडती साखर मिसळावी: कुळथाला एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन, शेंगदाण्याला लॅक्टोस. लेक्टिनचा हात तिथेच भरतो, छेदावर सोनं उतरायला नको. उतरलं, तर ते साखरेमुळे नव्हे.

हायडॅटिडच्या पडद्यातल्या याच साखळ्यांच्या टोकाला पी-वन हे रक्तगटाचं चिन्ह असतं. हायडॅटिडच्या पाण्यात ते इतकं असतं, की १९५७ मध्ये कॅमरन आणि स्टेव्हली यांनी मेंढीच्या गाठीतलं पाणी वापरून माणसाच्या रक्तातलं पी-वनविरोधी प्रतिपिंड निष्प्रभ करून दाखवलं. मेंढीच्या काळजातल्या कृमीने माणसाच्या तांबड्या पेशीवर असलेलीच साखर आपल्या घराच्या भिंतीवर लावावी! वर्गात हे सांगताना दर वर्षी माझाच आवाज चढतो.

१०. हात, डोळे आणि श्वास सांभाळा.

ऑस्मियमची वाफ डोळ्याच्या बुबुळावर बसते. कॅकोडायलेट बफरमध्ये आर्सेनिक आहे. दोन्ही धुरांड्याखालीच. चांगलं धुरांडं नसेल तर फॉस्फेट बफर घ्यावा, पण त्यात कॅल्शियमचा साका बसतो हे लक्षात ठेवावं. वर सांगितलेल्या कणांच्या अभ्यासात तो नडतो.

११. काम झाल्यावर गाठीचं काय केलं, याची नोंद वहीत असली पाहिजे.

उरलेल्या गाठीतली कृमीची डोकी माणसाला खाण्यातून बाधत नाहीत. माणसाला धोका कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांचा. पण त्या डोक्यांनी कुत्र्याच्या पोटात पुन्हा कृमी तयार होतात, आणि साधारण सहा आठवड्यांत अंडी पडायला लागतात. उरलेलं काळीज उकळावं, जाळावं किंवा खोल पुरावं. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या जनावरांच्या गाठी तपासल्या, तेव्हा म्हशींशी जोडलेला जी-थ्री हा प्रकार सर्वांत जास्त आढळला. म्हणजे हा प्रश्न फक्त मेंढपाळांचा नाही, गावच्या गोठ्याचाही आहे.

नमुने गोळा करायला साक्रीकडे गेलो असताना एका मेंढपाळाने विचारलं होतं, “मास्तर, मेंढीना काळीजमा पानी कसं काय भरस?” मी त्याला कुत्र्यापासून मेंढीपर्यंतचं सगळं चक्र जमिनीवर काढून दाखवलं. कापलेल्या मेंढीचं पाणी भरलेलं काळीज कुत्र्यापुढे टाकू नये, आणि कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी वजनाच्या प्रत्येक किलोला पाच मिलिग्रॅम या हिशेबाने प्राझिक्वांटेल द्यावं, असं सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न होता, गोळी कुठे मिळते आणि चालत्या वाड्यावर दर दीड महिन्याने आठवण कोण ठेवणार. गोळीसाठी मी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता दिला. आठवणीसाठी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की अमावास्या धरायची: एक सोडून एक अमावास्या नको, फार लांब पडते, दर अमावास्येला द्यायची.